१६ सेलपासून ९६ सेलपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात बनलेली प्रत्येक बॅटरी साध्या पान्यांनी उघडता येते. इलेक्ट्रिक गाड्या बनवायच्या असं ठरलं तेव्हाच ही अट आम्ही स्वतःला घातली आणि पुढची प्रत्येक गाडी तिच्याभोवतीच आखली. जी वस्तू आपल्यालाच उघडता येत नाही, तिची हमी गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं द्यायची?

सुरुवात एका जुन्या पेट्रोल गाडीपासून झाली. इंजिन, टाकी, सायलेन्सर काढले, गिअरबॉक्स तसाच ठेवला आणि त्याला मोटर जोडली. बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या. अशा बॅटरीत किलोमागे जेमतेम ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते, त्यामुळे डिकी भरली, मागची सीट काढावी लागली, स्प्रिंगा दबल्या आणि रेंज मात्र तुटपुंजीच राहिली. ती गाडी विकण्यासाठी नव्हतीच, शिकण्यासाठी होती. मोटर पहिल्या क्षणापासून जोर देते, म्हणून गिअर बदलायची वेळच फारशी येत नाही, हे तिनं दाखवलं. आमच्या पुढच्या गाड्यांत गिअरबॉक्स नाही, एकच कायमचं रिडक्शन, म्हणजे मोटरचे फेरे ठरलेल्या प्रमाणात कमी करून चाकांना देणारी दातेरी चाकांची जोडणी आहे. दुसरी शिकवण वजनाची. बॅटरी वाढवली की ती पेलायला सांगाडा जड करावा लागतो, मग ब्रेक मोठे लागतात, आणि हे सगळं ओढायला पुन्हा बॅटरी कमी पडते. हे चक्र गाडी हलकी ठेवूनच मोडता येतं.

आमचं पहिलं खरं मॉडेल दोन आसनी. सांगाडा पाइपचा, वेग शहरापुरता, बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी. या रसायनात किलोमागे ऊर्जा निकेलवाल्या सेलपेक्षा कमी मावते, पण सेल तापला तरी सहजासहजी भडकत नाही आणि आयुष्यही मोठं. आम्हाला हा सौदा पटला. सेल मात्र १६ च का, असं बरेच जण विचारतात. एलएफपी सेल साधारण ३.२ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ३.६५ पर्यंत जातो. १६ सेल एकामागोमाग जोडले की ५१.२ व्होल्ट होतात, आणि काठोकाठ भरल्यावरही ५८.४. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१०० या नियमावलीत डीसी विजेसाठी उच्च दाबाची हद्द ६० व्होल्टच्या पुढे सुरू होते. आम्ही मुद्दाम त्या हद्दीच्या आत राहिलो, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या मुलांना जिवाची धास्ती न बाळगता बॅटरीवर हात बसवता आला.

२००८ मध्ये आलेल्या टेस्ला रोडस्टरमध्ये ६,८३१ छोटे सेल होते. एवढ्या सेलांची जुळणी आणि देखरेख सांभाळायची तर हाताशी मोठी यंत्रणा हवी. आम्ही मोठे चौकोनी सेल घेतले, प्रत्येकाची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजला आणि जुळणारेच सेल एका पेटीत बसवले. एकामागोमाग जोडलेल्या सेलांत सगळ्यांत अशक्त सेल रिकामा झाला की गाडी थांबते, बाकीच्या पंधरांत कितीही ऊर्जा शिल्लक असली तरी. म्हणून ही निवड आम्ही आजही घाईत करत नाही.

या गाडीवर सगळ्यांत जास्त मेहनत कशावर झाली असेल तर डॅशबोर्डवरच्या टक्केवारीवर. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे नुसता व्होल्टेज बघून ७० टक्के उरलेत की ४० हे नीट सांगता येत नाही. टाकीत डोकावता येत नसेल तर आत आलेलं आणि बाहेर गेलेलं पाणी मोजत राहावं लागतं, तसंच हे काम. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, दर क्षणाला प्रवाह मोजतो आणि बेरीज-वजाबाकी ठेवतो. पण सेन्सरचा बारीकसा फरकही साठत जातो, म्हणून गाडी अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करून हिशेब जुळवावा लागतो. प्रत्येक गाडी सोपवताना हे आम्ही गिऱ्हाइकाला समोर बसवून समजावतो. आकड्यावरचा विश्वास एकदा उडाला की माणूस पुन्हा निर्धास्तपणे लांब जात नाही, आणि तो विश्वास माझ्या लेखी रेंजपेक्षा मोठा आहे.

दोन आसनी गाडी रुळल्यावर घरच्यांना घेऊन बाहेरगावी जाता येईल अशा गाडीची मागणी येऊ लागली. तिथे ५१ व्होल्ट अपुरे पडतात. १० किलोवॉट शक्ती काढायची तर सुमारे १९५ अँपिअर वाहतात. केबल मनगटाएवढी नसली तरी बरीच जाड लागते आणि तापते. शिवाय रस्त्यावरचे बहुतेक जलद चार्जर १५०-२०० व्होल्टच्या खाली चालतच नाहीत. म्हणून सध्या चाचणीत असलेल्या चार आसनी गाडीत आम्ही ९६ सेल एकामागोमाग घेतले आहेत. दाब ३०७ व्होल्ट, म्हणजे बरोबर सहापट. तेवढ्याच शक्तीला प्रवाह एक षष्ठांश आणि त्याच केबलमधली उष्णता छत्तिसाव्या हिश्शावर.

यात आमच्या अटीचं काय, हा प्रश्न होता. हे ९६ सेल आम्ही सहा पेट्यांत विभागले, प्रत्येकीत तेच १६. पेट्यांमधले जोड काढले की कोणतीही एक पेटी ६० व्होल्टच्या आतच राहते. बिघाड एका पेटीत असेल तर तेवढीच बदलायची, पूर्ण पॅक नाही. सेल चिकटद्रव्यानं कायमचे जखडून टाकले तर जागा वाचते आणि पॅक जास्त ताठ होतो, हे मान्य आहे. तरी आम्ही बोल्टच वापरतो आणि थोडं जादा वजन स्वीकारतो. जोड काढण्याआधी मात्र पूर्ण पॅकवर धोका आहेच. त्यासाठी नारिंगी केबल, इन्सुलेशनवर सतत नजर ठेवणारं सर्किट, रबरी हातमोजे आणि वेगळं प्रशिक्षण. ते पूर्ण केलेल्या माणसालाच या गाडीचं बोनेट उघडायची परवानगी आहे.

पुढची दोन कामं ठरली आहेत. एक, याच सांगाड्यावर माल वाहणारी छोटी व्हॅन. रोज ठरलेला मार्ग, रात्री ठरलेली जागा, जागोजागी थांबे आणि प्रत्येक थांब्याला ब्रेकमधून परत मिळणारी थोडी ऊर्जा: विजेच्या गाडीला याहून सोयीचं काम नाही. दुसरं, सोडियम-आयनची पेटी. सोडियमचे सेल एलएफपीपेक्षा जड पडतात, पण त्यात लिथियम लागत नाही आणि थंडीतही ते चांगलं काम करतात. एलएफपी शून्य अंशाखाली चार्ज केला तर आत धातूचं लिथियम साठून सेल खराब होतो. अडचण एवढीच की सोडियम सेलचा व्होल्टेज भरलेला ते रिकामा या प्रवासात फार मोठ्या पट्ट्यात फिरतो, म्हणून मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर आणि बीएमएस दोन्ही नव्यानं बांधावे लागताहेत. पेटीचं माप आणि बोल्टची जागा तीच ठेवली आहे, म्हणजे आजच्या गिऱ्हाइकाला उद्या हवी तर सोडियमची पेटी बसवण्याची वाट मोकळी राहील.

चार आसनी गाडीच्या कंपन, आघात, आग आणि शॉर्टसर्किटच्या चाचण्या पूर्ण होऊन प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आम्ही तिचं बुकिंग घेणार नाही. बघायची असेल तर जरूर या; बॅटरीची पेटी उघडून दाखवू.