घड्याळं थांबवली त्या रविवारची गोष्ट

गेल्या एप्रिलमधली गोष्ट आहे, डोक्यातून जायला तयार नाही म्हणून लिहितोय. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, मराठवाड्यातलाच आहे एवढं पुरे. मी नांदेडचा, नोकरी वेगळी, शनिवार-रविवार बुद्धिबळाचा आर्बिटर, म्हणजे पंच, म्हणून बॅग घेऊन फिरतो. त्या दिवशी तिकडं १५ वर्षांखालच्यांची जिल्हा निवड होती आणि चीफ आर्बिटर मी.

लोकांना वाटतं आर्बिटर म्हणजे हॉलमधे हात मागं बांधून फिरणारा माणूस. खरं काम सकाळी सातला सुरू होतं. घड्याळांचे सेल बदला, सेट मोजा (एक उंट कायम कमी), उन्हाळा म्हणून पाण्याचे जार सांगा, कूलर पहिल्या टेबलावर वारा मारून पेअरिंगचे (कोण कुणाशी खेळणार त्याचे) कागद उडवणार नाही असा फिरवा. आणि सगळ्यात अवघड, पालकांना दोरीच्या पलीकडं ठेवा. नऊ वर्षाचं लेकरू टच मूव्ह झाली (हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते) की गुपचूप मान्य करतं, त्याचा बाप खिडकीतून भांडतो. कोचिंग क्लासवाले तर खोकून चाल सांगतात, हे मी पाहिलेलं आहे.

एंट्री ४६ आल्या. तीन वर्षांमागं ह्याच शाळेच्या ह्याच हॉलमधे १४० होत्या, तेव्हा व्हरांड्यात टेबलं लावली होती. आता मुलं-मुली एकत्र खेळवली आणि मुलींची क्रमवारी वेगळी काढायची ठरवली, नाहीतर गटच भरत नव्हता. म्हणजे खेळणारी लेकरं कमी झाली का? बिलकुल नाही. गुकेश २०२४ च्या डिसेंबरात सिंगापुरात जगज्जेता झाला, आपल्या नागपूरची दिव्या २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, त्यानंतर गल्लीगल्लीत क्लास निघाले. लेकरं मोबाईलवर दिवसाला वीस-वीस डाव खेळतात. फक्त जिल्हा बुद्धिबळ असोसिएशनकडं नोंदणी करायला येत नाहीत. का येत नाहीत ते पुढं वाचा.

तर ह्या जिल्ह्यात असोसिएशनचे सचिव दोन. एक जुने, एक नवे. दोघांकडं गोल शिक्का, दोघांकडं लेटरहेड, धर्मादाय आयुक्तांकडं चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) पेंडिंग, तारखेवर तारीख. मतदार कोण तर क्लब. त्यातल्या निम्म्या क्लबांचा पत्ता म्हणजे कुणाचं तरी किराणा दुकान, आत एक पट सापडायचा नाही, पण सर्वसाधारण सभेला हात मात्र बरोबर वर होतो. पटावर बसणाऱ्या लेकराला मत नाही, त्याच्या बापालाही नाही.

जिल्हाच असा आहे असं समजू नका. ऑल इंडिया चेस फेडरेशन १९५१ ची जुनी संस्था, २०२० ला तिथंही अध्यक्षांचा एक गट आणि सचिवांचा दुसरा. प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं, निवृत्त न्यायाधीश निवडणूक अधिकारी झाले आणि जानेवारी २०२१ मधे ऑनलाइन मतदान झालं. अध्यक्षपदाला संजय कपूर ३३, व्यंकटराम राजा ३१. बेरीज ६४. पटावरची घरं पण तेवढीच, आम्ही आर्बिटर लोक त्यावर लै दिवस हसलो. मग २०२२ ला मामल्लपुरमचं ऑलिम्पियाड, म्हणजे देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा, दोन महिन्यांवर आलेलं असताना दिल्ली हायकोर्टानं सचिवांना पदावरून काढलं, सुप्रीम कोर्टानं १५ ऑगस्टपर्यंत राहू दिलं म्हणून स्पर्धा तरली. वरच असं, मग खाली जिल्ह्यात कोण शहाणपणा करणार.

माझं नेमणुकीचं पत्र जुन्या सचिवांचं होतं. मी फोनवर विचारलं होतं, वाद नाही ना साहेब? म्हणाले, "काही नाही ओ सर, तुम्ही या." आपण विचारायचं म्हणून विचारतो आणि ते सांगायचं म्हणून सांगतात.

पाचवी, शेवटची फेरी. रॅपिड डाव, २५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद. तिसऱ्या टेबलावर एक मुलगी, तालुक्याहून पहाटे पाचच्या एसटीनं आलेली, बाप एसटीतच कंडक्टर. तिला जिंकणं भाग होतं, मुलींमधल्या पहिल्या दोघी राज्याला जाणार होत्या. पट अजून डोळ्यांसमोर आहे. पांढरा राजा बी-८, प्यादं बी-७, हत्ती डी-१. काळा राजा ई-७, हत्ती ए-२. चाल पांढऱ्याची. पुस्तकातली पोझिशन आहे, हत्ती चौथ्या पट्टीवर न्यायचा म्हणजे डी-४, मग राजा बाहेर काढायचा, समोरचा शह देत राहतो, राजा उतरत उतरत बी-५ ला येतो आणि शेवटचा शह हत्ती मधे घालून अडवायचा. कोच लोक ह्याला पूल बांधणं म्हणतात. तिच्या घड्याळात चाळीस सेकंद होते, नजर चौथ्या पट्टीवर होती आणि हात हत्तीकडं निघालेला. हे मी बघितलेलं आहे, अंदाज नाही.

तेवढ्यात नवे सचिव आले. बरोबर सात-आठ माणसं, एकाचा मोबाईल व्हिडिओवर, हातात कागद. "ही स्पर्धा अनधिकृत आहे, बंद करा." जुने सचिव उठले, दोरी ओलांडून दोघं समोरासमोर आले, ढकलाढकलीत तिसऱ्या टेबलाला धक्का बसला आणि सोंगट्या सांडल्या. मी ओरडलो, सगळ्यांनी हात मागं घ्या, आणि एकेक घड्याळ थांबवत गेलो. खेळ मधे थांबवायची वेळ आली तर आर्बिटरनं घड्याळ थांबवायचं, हे नियमातच आहे. पण त्या पुस्तकात हत्तीनं कसं चालायचं ते लिहिलंय, एका हॉलमधे दोन सचिव आले तर काय करायचं ते नाही.

रॅपिडला चाली लिहाव्या लागत नाहीत, म्हणजे स्कोअरशीट नाही, डाव परत लावायचा कशावरून? मोठी माणसं बाहेर कोण खरा कोण खोटा करत होती. इकडं त्या मुलीनं आणि समोरच्या पोरानं मला न विचारता पाचही सोंगट्या जागच्या जागी ठेवल्या. पोरगा म्हणाला, "सर, चाल हिची आहे." घड्याळाची दाबायची पट्टी पण तेच सांगत होती. एवढं सरळ काम त्या दिवशी दुसरं कुणी केलं नाही, माझ्यासकट.

पंचवीस मिनिटं गेली. पोलिस आले नाहीत, नुसता फोन आला. कागदावर दोन्ही सचिवांच्या सह्या घेतल्या, "स्पर्धा पूर्ण करा, निकालाचं नंतर बघू." नंतर बघू!! तोवर मुलीचा बाप दोरीजवळून सांगत होता, चल बाई, शेवटची गाडी जाईल, इथं काही खरं नाही. ती रडली नाही, नुसतं पटाकडं बघत बसली. घड्याळ चालू केलं आणि तिनं हत्ती डी-४ ला न नेताच लगेच राजा सी-७ ला काढला. शह. राजा परत बी-८. काळा हत्ती परत ए-२. तीच पोझिशन तीनदा झाली की ड्रॉ मागता येतो, पोरानं मागितला, मी शेजारी उभा राहून मोजत होतो, द्यावा लागला. ती मुलींमधे अर्ध्या गुणानं तिसरी.

आता माझा प्रश्न. फक्त त्या एका टेबलाचं घड्याळ थांबवून बाकीचे डाव चालू ठेवले असते तर? किंवा सुरू करायच्या आधी तिला बाहेर नेऊन पाणी पाजलं असतं, बापाला गप्प बसवलं असतं तर? एक सिनियर आर्बिटर मित्र म्हणतो, पंचवीस मिनिटं तिला फुकट विचार करायला मिळाली, तुझी चूक कसली. त्यानं तिचा चेहरा पाहिलेला नाही.

त्याच रात्री नव्या सचिवांनी आपली यादी पाठवली. त्यातल्या दोन्ही मुली त्या दिवशी हॉलमधे नव्हत्याच. राज्य स्पर्धेला मग दोन्ही याद्यांमधली लेकरं खेळली, जास्तीची फी भरून, ज्यांनी भरली ती. तिसरीलाही तसं जाता आलं असतं. कंडक्टर मला फोनवर म्हणाले, "सर, पैसे भरूनच जायचं होतं तर आम्ही पाचची गाडी कामून धरली?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझं मानधन अजून बाकी आहे, एक म्हणतो त्याच्याकडून घ्या, दुसरा म्हणतो बोलावलं त्याच्याकडून.

मागच्या आठवड्यात कंडक्टरांचा परत फोन आला. नवीन वर्षाची नोंदणी करायची आहे, पोरगी घरी रोज पूल बांधून दाखवायली म्हणाले, मग विचारलं, "कोणत्या सचिवाकडं भरू?"

मी आर्बिटर, नोंदणी वाढवा म्हणून सभेत भाषण करणारा माणूस. म्हणालो, सध्या कुणाकडंच भरू नका.