सिटी ऑफ हीरोज: नवीन खेळाडूंनी आधी नेम पक्का करावा

सिटी ऑफ हीरोज हा सुपरहिरोंचा ऑनलाइन खेळ एप्रिल २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद पडला. पुढे २०१९ पासून चाहत्यांनी स्वतः चालवलेल्या सर्व्हरांवर तो पुन्हा उभा राहिला, आणि त्यांपैकी होमकमिंगला जानेवारी २०२४ मध्ये खेळाचे हक्क असलेल्या एनसीसॉफ्ट कंपनीकडून रीतसर परवानाही मिळाला. तिथे तो विनामूल्य खेळता येतो आणि जुना असल्यामुळे साध्या संगणकावरही चालतो, म्हणून इंदुरातली आमच्या ओळखीची कॉलेजची मुले सध्या त्याकडे वळत आहेत. पोशाख रचण्यात ती तासन्‌तास रमतात आणि त्यात गैर काहीच नाही, कारण तो या खेळाचा फार मोठा आनंद आहे. मात्र स्लॉट, म्हणजे पात्राच्या पॉवरची (विशेष शक्तींची) ताकद वाढवणाऱ्या एनहान्समेंट बसवायच्या जागा, कुठे लावायचे हा विचारही तितक्याच आस्थेने करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक पॉवरला सुरुवातीला एक स्लॉट असतो आणि तो सहापर्यंत वाढवता येतो, पण ५० व्या लेव्हलपर्यंत असे वाढीव स्लॉट एकूण ६७च मिळतात. नवखा खेळाडू त्यांत डॅमेजची, म्हणजे वाराचा जोर वाढवणारी एनहान्समेंट भरत जातो, आणि विसाव्या लेव्हलच्या आसपास त्याचे वार अचानक हुकू लागतात. माझ्या भाच्याच्या ब्लास्टरचे (दुरून मारा करणाऱ्या पात्राचे) टॅलॉस आयलंड या भागात नेमके हेच झाले, तेव्हा मी त्याला चॅटच्या खिडकीत लढाईच्या नोंदी सुरू करायला सांगितल्या. प्रत्येक वारामागे तिथे एक ओळ उमटते: फायर ब्लास्ट लागण्याची शक्यता ७५ टक्के, फासा पडला ८१, म्हणजे ७५ च्या वर, म्हणून वार हुकला. बरोबरीच्या लेव्हलच्या साध्या शत्रूवर मूळ शक्यता इतकीच असते. पहिल्या लेव्हलपासून मिळणारी सवलत हळूहळू कमी होत विसाव्या लेव्हलला संपते, म्हणून हे सत्य तिथे उघडे पडते. सिंगल ओरिजिन या अधिक ताकदीच्या जातीच्या, नेम सुधारणाऱ्या अ‍ॅक्युरसीच्या एका एनहान्समेंटने ती शक्यता स्वतःच्या सुमारे ३३ टक्क्यांनी, म्हणजे एक तृतीयांशाने वाढते आणि थेट ९५ टक्क्यांच्या कमाल मर्यादेला टेकते. म्हणून प्रत्येक हल्ल्यात आधी एक अ‍ॅक्युरसी, वरच्या लेव्हलच्या शत्रूंशी नेहमी लढायचे असेल तर दोन, आणि त्यानंतर डॅमेज तीनपर्यंतच ठेवावे. २००५ साली आलेल्या नियमामुळे एकाच प्रकारच्या चौथ्या एनहान्समेंटचा फायदा नगण्य उरतो. स्लॉट चुकीच्या जागी गेले असतील तर चोविसाव्या लेव्हलपासून टेरा व्होल्टाची मोहीम पूर्ण करून रीस्पेक, म्हणजे पॉवर आणि स्लॉट नव्याने मांडण्याची संधी, मिळवता येतो.

शत्रूच्या नावाचा रंग वाचायची सवयही लवकर लावून घ्यावी. पांढरा आपल्या बरोबरीचा, पिवळा एक लेव्हल वर, नारिंगी दोन, लाल तीन आणि जांभळा त्याहूनही वरचा. रंग जितका गडद, तितका आपला वार लागण्याची शक्यता कमी. अशा वेळी इन्स्पिरेशन, म्हणजे थोड्या वेळापुरता जोर किंवा तब्येत देणाऱ्या वस्तू, जपून ठेवण्यापेक्षा वापरावीत, कारण ती पुन्हा सहज मिळतात. एकाच प्रकारची आणि आकाराची तीन जमली, तर त्यांवर उजवी क्लिक करून त्यांच्या बदल्यात हवे ते एक करून घेता येते, आणि तब्येत खालावलेली असताना हीच सोय जीव वाचवते.

टीममध्ये जास्तीत जास्त आठ जण असतात, आणि लेव्हल कमी असली तरी खेळ आपल्याला टीमच्या पातळीच्या जवळ आणून ठेवतो, त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही. टँकर, म्हणजे मार सोसणारे पात्र, पुढे जाऊन शत्रूंचे लक्ष स्वतःकडे ओढून घेईपर्यंत ब्लास्टरने मोठा वार करू नये. एका खेळाडूवर एका वेळी सतराच शत्रू चाल करतात. त्यापलीकडचे टँकर कितीही चांगला असला तरी इतरांकडे वळतात, म्हणून दोन जमाव एकत्र ओढून आणू नयेत. शत्रूंना मागे फेकणाऱ्या पॉवर असतील, तर त्यांना भिंतीच्या दिशेने फेकावे, नाहीतर टँकरने गोळा केलेला घोळका विखुरतो आणि बाकीच्यांचे क्षेत्रव्यापी वार वाया जातात. डिफेंडर, म्हणजे साथीदारांना सांभाळणारे पात्र, घेणाऱ्यांनी तर केवळ जखमा भरून काढण्यात समाधान मानू नये. फोर्स फील्डची ढाल लढाईआधीच सगळ्यांवर चढवली, तर भरून काढायला जखमा फारशा उरतच नाहीत, आणि ही भूमिका मला या खेळातली सर्वांत मोलाची वाटते.

टीम मिळत नाही, अशी तक्रार इंदुरातली मुले करतात ती बहुधा वेळेमुळे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे अमेरिकेतली शनिवारची रात्र आपल्या रविवारच्या सकाळी, पोह्यांच्या वेळेपर्यंत चालते, आणि सर्व्हरवर गर्दी असते ती तेव्हा. त्या वेळी टीम शोधण्याच्या चॅनेलवर आपली लेव्हल आणि आर्केटाइप (ब्लास्टर, टँकर असा पात्राचा प्रकार) एका ओळीत लिहावा, आणि नवीन आहोत हेही स्पष्ट सांगावे. जुने खेळाडू नवख्यांना आनंदाने सामावून घेतात.