तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्यानं पत्ते कशाला?

मावशी विचारते, ऑफिसातले विचारतात, परवा लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकूंनीपण विचारलं, की अरे तू एकटाच पत्ते खेळत बसतोस म्हणे, कंटाळा नाही का येत, चार माणसं जमवून रमी तरी खेळावी. दरवेळी मी काहीतरी बोलून सुटतो. आज नीट सांगतो.

आधी एक, हे पेशन्स नव्हे. आणि मला माणसं नकोत असंही नाही, गणपतीत रात्र रात्र मेंढीकोट खेळलोय मी, अजून खेळतो. पण हा खेळच वेगळा आहे, डेक-बिल्डिंग म्हणतात, खेळता खेळता आपली गड्डी बांधायची. सुरुवातीला आपल्याकडं दहा भिकार पत्ते, त्यांच्याच जोरावर थोडी थोडी ताकद जमवून मधल्या बाजारातनं बरे पत्ते घ्यायचे, ते आपल्याच गड्डीत जातात आणि पुढं कधीतरी हातात येतात. समोरनं शत्रू येतच राहतो, एक परतवला की दुसरा, आणि आपल्या पाठीमागं एक गाव असतं ते पडू द्यायचं नसतं. मोबाईलवर टॉवर डिफेन्स खेळलेल्या पोरांना हे लगेच कळतं, मोठ्यांना नाही कळत.

मी सगळ्यात जास्त खेळलोय तो एऑन्स एंड, २०१६ चा. गावाचं नाव ग्रेव्हहोल्ड, गावाचा जीव ३०. आणि यात आपली गड्डी पिसायचीच नाही! टाकलेले पत्ते ज्या क्रमानं टाकले त्याच क्रमानं, गड्डी संपली की नुसती उलटी करून परत घ्यायचे. म्हणजे आत्ता कुठला पत्ता आधी टाकला यावर दोन फेऱ्यांनंतर हातात काय येणार ते ठरतं. पिसतात ते फक्त पाळीचे पत्ते, म्हणजे आता कुणाची पाळी ते ठरवणारे, एकट्यानं खेळताना तीन आपले, दोन शत्रूचे. म्हणजे या फेरीच्या शेवटी त्याचे दोन आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला परत दोन असं आलं तर तो लागोपाठ चार वेळा मारतो आणि आपण नुसतं बघत बसायचं. तरीपण हरल्यावर मागं मागं जाऊन शोधता येतं, की इथं, हा पत्ता मी आधी टाकला, तिथं गेलं. चौघांच्या डावात हे कधीच सापडत नाही, तिथं भिडूवर ढकलता येतं.

पूर्वी मी याच्या पुढं जाऊन सांगायचो, की या खेळानं आधीच विचार करायची सवय लागते, पुढचं दिसायला लागतं. आईला तर मी हे अगदी ठासून सांगितलं होतं. तसं सांगणारा तो मुलगा आत्ता समोर आला तर मी त्याला गप्प बसवीन.

आमचं सांगलीत गावभागात बायंडिंगचं दुकान, वर घर. २०१९ च्या ऑगस्टचा महापूर तुम्हाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी लोक तासातासाला फोनवर पाठवत होते, ४५ फुटांना धोका, ते कधीच मागं पडलेलं. आप्पांनी दुपारी विचारलं, "सगळं वर टाकूया का रे?" खाली फळ्यांवर वह्यांच्या रिमा होत्या, पुठ्ठा होता, आणि एका वाचनालयाची जुनी मासिकं होती, वर्षावर्षाचे गठ्ठे, परत बांधायला आलेली. कुठं मिळत नाहीत असली मासिकं. मी भिंतीवरची २००५ च्या पुराची रेघ दाखवली, कमरेएवढी, आणि म्हणालो, आप्पा कशाला, फळी त्या रेघेच्या वर दीड फूट आहे, मोजलंय मी. मोजलं होतं खरंच, टेप लावून. आप्पांची कंबर तेव्हा दुखत होती आणि मला वाटलं मी त्यांना वाचवतोय. ते म्हणाले, "तू म्हणतोस तर राहू दे."

माझं ऐकलं त्यांनी. मी हिशेबी आहे असं त्यांनाच वाटायचं ना.

संध्याकाळी आम्ही मिरजेला मावशीकडं गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५ पेक्षा साडेतीन फूट जास्त. कोयनेचं येतच होतं, खाली हरिपूरला वारणा फुगलेली, ती कृष्णेला पुढं सरकू देत नव्हती, सगळे एकदमच आले, लागोपाठ चार. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर आधी वास, मग घोट्याच्या वर गाळ, कटिंग मशीनची मोटर गेलेली. मासिकांचे गठ्ठे फुगून फळ्यांच्या मधे इतके घट्ट बसले होते की ओढावे लागले आणि ओढल्यावर कागद नाही, लगदा हातात आला. आप्पा एकेक फर्मा, म्हणजे पानांची जुडी, सुटा करून बघत होते, पान वेगळं होतंय का, तासभर तरी बघत होते, मला एक शब्द बोलले नाहीत. नंतर ते एकटेच वाचनालयात जाऊन सांगून आले. मी येतो म्हणालो तर नको म्हणाले.

माझे पत्त्यांचे डबे वरच्या खोलीत, एकदम कोरडे. माझा स्वतःचा एक खेळपण होता त्यात, आप्पांच्याच उरलेल्या कार्डशीटवर कापलेला, बुरूज, तोफा, तट वगैरे. साफसफाईला आलेली आत्या डबे बघून म्हणाली, "पत्ते बरे वाचले तुझे." तिनं सहज म्हटलं असेल. पण तुम्ही कुणीही पत्त्यांचं विचारलंत की मला आधी हे ऐकू येतं, आणि मग मी तिरसट बोलतो, त्याबद्दल काकू खरंच सॉरी.

वर्षभर डबे उघडले नाहीत. मग एका रात्री उघडले. का ते मलापण धड सांगता येत नाही. तिथं चूक सापडते एवढंच म्हणू शकतो. दुकानाचं मी हजार वेळा मागं जाऊन बघितलंय आणि दर वेळी वेगळी जागा सापडते, कधी वाटतं टेप लावली तिथंच चुकलं, कधी वाटतं त्या माहितीवर दुसऱ्या कुणीही तेच सांगितलं असतं. आणि असं वाटलं की लगेच स्वतःचा राग येतो, कारण आप्पा काही मोजल्याशिवायच बरोबर होते.

२०२१ च्या जुलैत परत पाणी चढायला लागलं. आप्पांनी विचारलं नाही, सरळ पहिली रीम उचलली आणि जिना चढायला लागले, मी मागनं दुसरी घेतली, रात्री अकरापर्यंत आम्ही सगळं वर नेलं. त्या वर्षी पाणी ५५ च्या आसपास थांबलं. खाली येऊन बघितलं तर भिंतीवरची नवी ओल २००५ च्या रेघेच्या वर फूटभर होती, फळ्या कोरड्या. आप्पांनी फळीवरनं हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, चल, खाली आणायला लागू.