वकिलाची सनद, कुळाचा दावा आणि कौन्सिलची जागा

सोलापूरकडच्या जुन्या वकील घराण्यांत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "आमचे पणजोबा बॅरिस्टर होते, पुढे आमदार झाले." बहुतेक वेळा यातले दोन्ही शब्द चुकलेले असतात. बॅरिस्टर व्हायला लंडनच्या एखाद्या इनमध्ये, म्हणजे तिथल्या बॅरिस्टरांच्या संस्थेत, नाव घालावं लागे. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर होते, ते तसे. जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहणारा माणूस बॅरिस्टर नव्हे, प्लीडर असायचा, आणि त्यातही दोन प्रकार होते. डिस्ट्रिक्ट प्लीडरची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, त्या जिल्ह्यापुरती चाले. हायकोर्ट प्लीडर बहुधा एलएल.बी. झालेला असे. त्याला मुंबईत हायकोर्टात अपीलं चालवता येत आणि इलाख्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यांतही उभं राहता येई. म्हणून ट्रंकेत सनद सापडली की आधी तिच्यावर कोणत्या कोर्टाचा शिक्का आहे ते बघावं, तारीख नंतर. पदवीचं साल आणि सनदेचं साल एकच धरू नये. पुण्याचं लॉ कॉलेज १९२४ चं, त्यामुळे त्याआधीच्या एलएल.बी. माणसाच्या आयुष्यातली मुंबईची वर्षंही शोधावी लागतात.

सनद झाली, पण पक्षकार कुठून यायचे? इथेच सोलापूरची गोष्ट मुंबईपेक्षा वेगळी होते. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, कमिशन बसलं आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना होता: पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर. शेतकऱ्याला कर्जापायी अटक करता येणार नाही. कर्जाला मुद्दाम गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करून विकता येणार नाही. आणि कोर्टाने नुसतं खत, म्हणजे कर्जाचा लेखी करार, बघून हुकूमनामा (निकालाचा आदेश) द्यायचा नाही, तर व्यवहार पहिल्या रुपयापासून उकलायचा. मूळ कायद्यात तर शंभर रुपयांच्या आतल्या दाव्यात वकिलाला एरवी मज्जावच होता. वकील आले की कुळाचं, म्हणजे सावकाराच्या कर्जदार शेतकऱ्याचं, भांडण लांबतं, असा तो समज. त्याच कायद्यात उलटी सोयही होती. दावा त्याहून मोठा, समोर सावकाराचा वकील आणि शेतकरी गरीब असेल, तर कोर्ट त्याच्या बाजूने सरकारी वकील उभा करू शकत होतं.

हिशेब उकलणं म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांतच कळतं. शंभर रुपये घेतले, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांत व्याज झालं ७२. सावकाराने जुनं खत फाडलं आणि १७२ चं नवं लिहून घेतलं. पुढच्या तीन वर्षांत त्या १७२ वर व्याज चढलं १२३ रुपये १३ आणे. म्हणजे सहाव्या वर्षी मागणी २९५ रुपये १३ आणे. कुळाचा वकील उभा राहून सांगणार: नवं खत बाजूला ठेवा, मुद्दल शंभरच. सरळ व्याज सहा वर्षांचं १४४. त्यात हिंदू कुळाला दामदुपटीचा नियम, म्हणजे थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल होत नाही. एकूण दोनशे. शिवाय कोर्टाला दर जास्त वाटला तर तोही खाली येणार, आणि उरेल ते हप्त्यांनी. मधे कुळाने ज्वारीची पोती घातली असतील तर त्यांची किंमत वजा. ही पोती सिद्ध करणं सगळ्यात अवघड, कारण पावती नसे आणि वही सावकाराची, तीही मोडीत.

म्हणून खरी मारामारी एका आधीच्या मुद्द्यावर होई: प्रतिवादी 'शेतकरी' आहे की नाही? कायद्याची व्याख्या अशी की मुख्य उपजीविका शेतीवर हवी. सावकाराचा वकील उलटतपासात विचारणार: घरात माग आहे का? गाडी भाड्याने चालते का? मिलमधला पगार किती? उत्तरं नीट दिली नाहीत की कूळ व्याख्येबाहेर, आणि २९५ रुपये १३ आणे पुन्हा उभे. कापड गिरण्यांच्या या शहरात तो प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. गावाकडे चार एकर आणि इकडे गिरणीची पाळी, अशी माणसं दोन्हीकडे अर्धी-अर्धी असायची. जुनी दप्तरं चाळताना नुसता हुकूमनामा वाचू नका. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), मुद्दे आणि रोजनामा (कोर्टाची तारखवार नोंद) बघा. वकील कोणाच्या बाजूचा होता, ते तिथे कळतं. घरच्या आठवणीत तो नेहमी कुळाच्याच बाजूचा असतो.

आता कौन्सिल, म्हणजे मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ. घरचे ज्याला 'आमदार' म्हणतात, तो तेव्हा कौन्सिलचा मेंबर. १९०९ च्या सुधारणांत मुंबई कौन्सिलवर नगरपालिका आणि लोकल बोर्ड यांच्याकडून अप्रत्यक्षपणे निवडलेली माणसं जात, सामान्य मतदार असा नव्हताच. थेट निवडणूक १९१९ च्या कायद्याने आली आणि पहिलं मतदान १९२० च्या अखेरीस झालं. सोलापूर शहराला तेव्हा स्वतंत्र जागा मिळाली. मराठा आणि तत्सम जातींसाठी इलाख्यात सात जागा राखीव होत्या. मतदार होण्याची अट मात्र आज वाचून डोळे विस्फारतात. ग्रामीण भागात साधारणपणे ३२ रुपये सारा भरणारी जमीन हवी, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६. किंवा इन्कमटॅक्स भरणारा माणूस, आणि तेव्हा टॅक्स दोन हजारांच्या उत्पन्नापासून लागे.

वकिलाची गोम इथे आहे. कोर्टात त्याने ज्याचे ९५ रुपये वाचवले, त्या कुळाला मत नव्हतं. ज्याच्याविरुद्ध वाचवले, तो सावकार मतदार होता. त्यामुळे कौन्सिलात एखाद्या वकील-मेंबराने सावकारीवर गुळमुळीत भाषण केलं, तर त्याला लगेच दुटप्पी ठरवू नये. आधी त्याची मतदारयादी बघावी. आणि सरसकट माफही करू नये, कारण तीच मतदारयादी असताना ठामपणे बोललेले लोकही होते.

सालांचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. १९२० ची निवडणूक काँग्रेसने बहिष्कारली, म्हणून १९२१ ते २३ च्या यादीत काँग्रेसचा वकील दिसला नाही तर तो हरला असं लिहू नये. १९२३ ला काँग्रेसवाल्यांचाच स्वराज्य पक्ष कौन्सिलात गेला. १९३० च्या सुरुवातीला काँग्रेसच्या मेंबरांचे राजीनामे पडले आणि मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा. त्या वर्षी रोजनाम्यांत वकिलाच्या नावाचा खंड दिसला तर आधी त्याचा तुरुंगवास तपासावा. नावापुढे 'नियुक्त', म्हणजे सरकारने नेमलेला, असं लिहिलं असेल तर मतांचा प्रश्नच नाही. आंबेडकर १९२७ मध्ये कौन्सिलात आले ते नियुक्त सभासद म्हणून. १९३७ पासून मुंबईची असेंब्ली १७५ जणांची झाली आणि मतदारही कितीतरी वाढले. तेव्हाचा मेंबर आणि १९२० चा मेंबर एका ओळीत बसवणं चूक.

जिल्ह्याचं ठळक नाव म्हणजे न. चिं. केळकर. जन्म मोडनिंबचा, २४ ऑगस्ट १८७२. मोडनिंब सोलापूर जिल्ह्याच्या पोटात असलं तरी तेव्हा मिरज संस्थानचं, आणि केळकरांचं शिक्षण मिरजेहून सुरू होतं ते त्यामुळे. एलएल.बी. झाल्यावर वकिली साताऱ्यात, तीही जेमतेम. १८९६ मध्ये टिळकांनी पुण्याला बोलावलं आणि कोर्ट सुटलं. निदान वकील म्हणून सुटलं, कारण टिळकांच्या खटल्यावरच्या लेखांपायी १९०८ मध्ये ते न्यायालयाच्या बेअदबीसाठी हायकोर्टापुढे उभे राहिले, या वेळी दुसऱ्या बाजूला. मग पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपद आणि १९२३ ते १९२९ दिल्लीची सेंट्रल असेंब्ली, मध्य विभागाच्या मतदारसंघातून. या विभागात सोलापूरही येई. म्हणजे मोडनिंबला जन्मलेला माणूस दिल्लीत सोलापूरच्या मतांवरही बसला होता. मोडनिंबमार्गे पंढरपूरला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अक्कलकोट संस्थान वेगळं आणि तुळजापूर-नळदुर्ग निजामाचं. तिकडच्या पक्षकाराचा दावा सोलापूरच्या दप्तरात सापडत नाही म्हणून पणजोबांनी तो चालवलाच नाही, असं होत नाही. दप्तर दुसऱ्या राज्यात असतं.