ग्रेड ५ ची गादी दुखतच नव्हती

एमआरआयचा रिपोर्ट डॉक्टरांकडे नेण्याआधी मी तीनदा वाचला, तिथेच चुकलं. पहिलीच ओळ : ‘एल५-एस१, फिरमान ग्रेड ५’. एल५-एस१ म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधली सगळ्यात खालची गादी, आणि फिरमान म्हणजे गादी किती झिजलीय ते सांगणारी एक ते पाचची श्रेणी. पाचपैकी पाच! म्हणजे गादी संपलीच, असं धरून बसलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि मला टाचांवर चालायला लावलं. मग पायाच्या अंगठ्यावर बोट दाबून म्हणाल्या, “आता वर ओढा.” डावा ओढला. उजवा लगेच खाली बसला. कळ कुठून कुठे जाते ते मी दाखवलं : कुल्ला, पोटरीची बाहेरची बाजू, पावलाचा वरचा भाग.

“ही एल५ ची नस. ती एल४-एल५ च्या गादीपाशी दबलीय. तुम्ही घाबरलात ती तिच्या खालची गादी.”

फिल्म उजेडासमोर धरली. वरच्या तीन गाद्यांचा गाभा पांढरा, खालच्या दोन काळ्या. गाभ्यात पाणी धरून ठेवणारे प्रोटीओग्लायकन घटले की पाणी जातं आणि गादी काळी दिसते. पण निरोगी गादीत मज्जातंतू फक्त बाहेरच्या कड्यात असतात, म्हणून काळी गादी दुखेलच असं नाही. (कडं फाटलं तर मज्जातंतू आत शिरू शकतात आणि मग गादीच दुखते, माझं दुखणं ते नव्हतं.) १९९४ साली छापलेल्या एका अभ्यासात पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले, तर ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली. हे ऐकून दिलासा कमी वाटला, रिपोर्टचाच राग जास्त आला.

माझा खरा गुन्हेगार शेवटून दुसऱ्या ओळीत होता : गाभ्याचा बाहेर आलेला तुकडा. तो नसेला दाबतो आणि सूजही आणतो. पण गादीबाहेर आल्यामुळे तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या तावडीत सापडतो आणि बऱ्याचदा हळूहळू विरून जातो. म्हणून थांबायचं ठरलं. अंगठ्याची ताकद आणखी कमी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी यायचं.

पहिले पाच आठवडे वाईट गेले. खुर्चीत दहा मिनिटं बसवेना. मग पोटरीतली कळ गेली, अंगठा सावकाश वर यायला लागला. अकराव्या आठवड्यात उजवी चप्पल पायातून निसटायची थांबली. पावलावर नाण्याएवढा बधिर ठिपका अजून आहे.

पुन्हा एमआरआय काढू का विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, “कशाला? ती काळीच दिसणार.”