सगळं ऑनलाइन झालंय, मग मध्ये तुम्ही कशाला?

मी गावात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं केंद्र चालवते. हा प्रश्न मला बैठकीला आलेल्या साहेबांनी विचारलाय, शहरात नोकरी करणाऱ्या मावसभावाने विचारलाय, पाहणीला आलेल्या कॉलेजच्या मुलांनी विचारलाय. साहेब विचारतात तेव्हा त्यात ‘वरचे किती घेता’ हे दडलेलं असतं. मावसभावाच्या प्रश्नात ‘अजून त्या गावात काय करतेस’ असतं. मुलं मात्र खरंच विचारतात, त्यामुळे त्यांना उत्तर देणं सगळ्यांत जड जातं. आजवर मी ‘लोकांना जमत नाही हो’ म्हणून वेळ मारून नेत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

पहिली गोष्ट, लोकांना जमतं. ज्या बायका माझ्यासमोर ‘ताई, तुम्हीच भरा’ म्हणतात, त्याच भिशीचे पैसे फोनवरून पाठवतात, रील बनवतात, कापसाचा भाव तीन बाजार समित्यांचा बघून मग गाडी भरतात. हाताला सवय नाही म्हणून त्या माझ्याकडे येत नाहीत.

नेट नाही, हेही कारण आता फारसं टिकत नाही. सरकारने 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं, पुढे त्याचं भारतनेट झालं. अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. त्या आराखड्यात तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत यायची, पुढच्या वाड्या-वस्त्यांचं पुढे बघू असं होतं. ते पुढे बघायच्या आत 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि वस्तीवरचा माणूस तारेची वाट न बघता ऑनलाइन गेला. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर आजही रेंज शोधत उंचवट्यावर चढावं लागतं, त्यांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. पण माझ्या दारातली रांग रेंज असलेल्यांची आहे.

केंद्र घेण्याआधी मी डिजिटल साक्षरतेचे वर्ग घ्यायचे. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 मध्ये सुरू झालं, 2024 च्या मार्चला संपलं. वीस तासांचा अभ्यासक्रम, शेवटी ऑनलाइन परीक्षा, मग प्रमाणपत्र. सहा कोटी ग्रामीण घरांतल्या एकेका माणसाला शिकवायचं होतं. त्या वर्गात मी एक वाक्य ठासून सांगायचे: हे शिकलात की एजंटाचं तोंड बघावं लागणार नाही. वारणेचा दाखला द्यायचे. 1998 साली वारणानगरच्या आसपासच्या 70 गावांत संगणक केंद्रं बसली, ऊसवाल्या शेतकऱ्याला माहिती गावातच मिळायला लागली, वगैरे. हे सांगताना माझा आवाज चढायचा.

वर्ग घेणाऱ्या त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझं अजून भांडण चालू आहे. वारणेचं पुढचं तिने वर्गात कधी सांगितलं नाही, कारण तिला ते ठाऊक नव्हतं. शेती, शिक्षण, बाजार अशा कितीतरी गोष्टींसाठी मांडलेल्या त्या संगणकांवर शेतकरी मुख्यतः स्वतःच्या उसाची माहिती बघायला यायचे. काही वर्षांनी संशोधकांनी तेवढं काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. लोकांना काय हवंय हे न विचारता सगळंच द्यायला निघालं की असं होतं, हे मी तिला आज सांगते. ती म्हणते, मग काय, द्यायचंच नाही? तिथे मी गप्प होते.

आता तो प्रसंग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मध्यंतरी बायकांना पैसे देणाऱ्या एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, निघाली. नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. बाईने आधी स्वतःच्या आधारचा ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. कारण सरळ होतं. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं तर कुटुंब कोणतं हे आधी कळायला हवं. कागदावर मला ते अजूनही गैर वाटत नाही.

वस्तीवरची एक जण आली. माझ्याच वर्गातली, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालेली. रोजाने शेतात जाते. नवऱ्याने टाकून बरीच वर्षं झालीत, त्याचा दुसरा संसार आहे. घटस्फोट झालेला नाही. त्याला वकील लागतो, तारखा लागतात, रोज बुडतो. वडील वारलेले, आणि त्यांच्या आधारला मोबाइल नंबर कधी जोडलाच नव्हता. स्वतःचा ओटीपी तिने घरीच टाकला होता. मी शिकवल्याप्रमाणे, कुणालाही न सांगता. पुढच्या पानावर अडकली.

“ताई, हितं मालकाचा आधार मागतंय.”

जुन्या रेशनकार्डासोबत त्याच्या आधारची झेरॉक्स होती. नंबर टाकला. ओटीपी गेला, अर्थातच त्याच्या फोनवर. आम्ही दोघी पडद्यावर उलटे पळणारे सेकंद बघत बसलो. मग ती म्हणाली, “तुम्हीच लावा फोन. माझा नंबर त्यानं ब्लॉक केलाय.”

मी लावला. केंद्रातून बोलतेय म्हटलं, कशाचा ओटीपी आहे तेही सांगितलं. आता बघा, याच बाईला मी वीस तास बजावलं होतं की फोनवर ओटीपी मागणारा चोर असतो. तो माणूस जर ‘मी ओटीपी देत नाही’ म्हणून फोन ठेवता, तर तो माझ्या वर्गातला सगळ्यांत हुशार विद्यार्थी ठरला असता. त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, “किती मिळतात तिला?” मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. साऱ्या राज्याला तो आकडा पाठ आहे आणि मी सांगू शकत नव्हते. “मग तिलाच द्या फोन.”

तिने फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. “हां,” म्हणाली. परत “हां.” मग “न्हाई, तसं काय न्हाई.” मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली. माझं केंद्र म्हणजे एक खोली. रांगेतल्या बायका आपापल्या फोनमध्ये बघायला लागल्या, एक म्हातारा उठून बाहेर गेला. पलीकडून काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं, पण तिची मान दर वाक्याला थोडी खाली जात होती. तोवर पहिल्या ओटीपीची मुदत संपली. मी खुणेने विचारलं, तिने मान हलवली, मी दुसरा पाठवला. या वेळी त्याने आकडे मला सांगितले. सावकाश. दोन सांगायचा, मध्येच काहीतरी बोलायचा, मग पुढचे दोन. मी काही उत्तर दिलं नाही, कारण शेवटचे दोन आकडे अजून त्याच्याकडे होते.

झालं एकदाचं. हिरव्या अक्षरात आलं, प्रक्रिया पूर्ण. मी तिला पडदा दाखवला. तिने तिकडे बघितलं नाही. म्हणाली, “म्हंजे आता त्याला कळलं ना, मला पैसे येत्यात ते?” रागाने नाही. पावती मिळाली का, असं विचारावं तशा आवाजात.

मी काय बोलले ते सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पुढे त्या ई-केवायसीची मुदत वाढली. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी मृत्यू दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय झाली. चांगली सोय. पण ज्याच्याशी कागदोपत्री लग्न शाबूत आहे आणि जो जिवंत आहे, अशा माणसाचं काय करायचं? परित्यक्ता असल्याचा दाखला गावात लिहून मिळतो. तो जोडायला तिथे रकाना नव्हता.

आणि इथे वर्ग घेणारी ती बाई परत उठते. म्हणते, हा दोष फॉर्मचा, ऑनलाइनचा नव्हे. पूर्वी तिने कचेरीत खेटे घातले असते आणि खिडकीतला कारकून हेच म्हणाला असता, नवऱ्याला घेऊन ये. खरं आहे. म्हणालाच असता. पण कारकुनासमोर ती रडली असती, भांडली असती, सरपंचाला घेऊन गेली असती, आणि कधीतरी साहेबांनी ‘जाऊ दे, चौकशी करून टाका सही’ म्हटलं असतं. ‘ज्या दाराने ही आत गेली असती त्याच दाराने वशिल्याचे शंभर गेले असते,’ असं वर्ग घेणारी बाई म्हणते. तेही खरं. ते दार बंद झालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. आजही उघडा म्हणायला जीभ रेटत नाही.

लोक म्हणतात, कायदा आहे की. आहे ना. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. सेवा मुदतीत द्यायची, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, चुकार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मी त्याचं पोस्टर लावलंय. पण घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. जो अर्ज दुसऱ्या पानाच्या पुढे सरकतच नाही, तो दाखल झालेला नाही, म्हणजे नाकारलाही गेलेला नाही. अपील कशावर करणार? 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध माणसांचं होतं. त्यांना केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं जात होतं. तो निकाल मी रात्री जागून वाचला. न्यायालयाला जे दिसलं ते इतकं उघड होतं की फॉर्म लिहिणाऱ्याला कसं दिसलं नाही, हा प्रश्न पडतो. आणि उत्तरही माहीत आहे. त्याच्या घरात सगळ्यांना डोळे मिचकवता येतात, नवरा शेजारच्या खोलीत असतो.

तर मध्ये मी कशाला, याचं उत्तर हे. पूर्वी अडलं तर विचारायला समोर माणूस होता, मग तो खेकसणारा का असेना. आता पान ‘त्रुटी’ म्हणतं आणि थांबतं. लोक ते घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या हातात सही नाही, शिक्का नाही, आधारवरचं एक अक्षर बदलायचा अधिकार नाही. फक्त मी बोलू शकते.

पैशाचं. विचारलंच आहे तर सांगते. एक रुपयात पीकविमा होता तेव्हा शेतकऱ्याने एक रुपया द्यायचा आणि विमा कंपनीने केंद्रचालकाला अर्जामागे 40 रुपये द्यायचे, असा नियम होता. तरी जादा घेणारे होते, आमच्यातलेच होते. मी दरपत्रक लावलंय आणि झेरॉक्स, प्रिंट, स्कॅनचे वेगळे घेते, ते लिहिलेलं आहे. फोन लावून देण्याचं, रात्री बारानंतर साइट उघडते म्हणून जागण्याचं काय घ्यायचं हे कुठल्याच पत्रकात नाही. कुणी देतं, कुणी कोथिंबीर ठेवून जातं, कुणी काहीच नाही. लोकांचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत, हेही खरं. तुम्ही तोंड वाकडं कराल. पण ती वही नसती तर दर वेळी ‘पासवर्ड विसरलात?’वरून नव्याने सुरुवात, आणि जोडलेला नंबर मुलाकडे, मुलगा कंपनीत शिफ्टला.

कॉलेजच्या मुलांतल्या एकीने जाता जाता विचारलं होतं, फॉर्मवर ‘ओटीपी देणारं कुणी नाही’ असा रकाना आला तर तुमचं काम संपेल का? संपणार नाही, बऱ्यापैकी कमी होईल. तो यावा असं मला मनापासून वाटतं. महिनाअखेरीला भाडं द्यायच्या दिवशी जरा कमी वाटतं, तेही लिहून घ्या.