नोंद १४ : टाम्पोपोचा वाडगा जमला, पापडखाराच्या बरणीमुळे

मंडळी, जमलं! शनिवारी रात्री पावणेअकराच्या सुमाराला पडद्यावर पाच जणांनी वाडगे तोंडाला लावले, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात चौघांनीही लावले. त्यांचे रिकामे झाले तसे आमचेही झाले, तळाशी थेंब नाही. सहा महिन्यांतला हा पाचवा प्रयत्न. आधीचे चार कसे गेले ते तुम्ही तुकड्यातुकड्यांनी वाचलंय, पण आज सगळं सलग लिहिते. यातलं निम्मं ज्ञान मला आमच्याच स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर सापडलं, आणि ते तुमच्याही फळीवर असणार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. इथे मी सिनेमाला खाण्याची जोडी लावते: पडद्यावर खातात तेव्हा घरी आपणही त्या दृश्याला साजेसं खायचं. ‘टाम्पोपो’ हा जुझो इतामी यांचा १९८५चा जपानी सिनेमा. एक विधवा बाई तोक्योत रामेनचं, म्हणजे गरम सुपातल्या शेवयांचं, छोटं दुकान चालवते, तिचं रामेन यथातथाच असतं, आणि गोरो नावाचा ट्रकचालक तिला ते शिकायला मदत करतो. नायिका नोबुको मियामोतो, म्हणजे दिग्दर्शकाची पत्नी. गोरोच्या जोडीदाराच्या भूमिकेत तरुण केन वातानाबे आहे. सिनेमा सुरू होऊन फार वेळ होत नाही तोच एक म्हातारा रामेन कसं खायचं ते शिकवतो: आधी नुसतं पाहायचं, मग चॉपस्टिकने वरून कुरवाळायचं, डुकराच्या मांसाचा काप हलकेच बाजूला सारायचा आणि ‘भेटू लवकरच’ म्हणून त्याची माफी मागायची. ते बघताना हातात वाडगा नसेल तर जीव तळमळतो. माझ्या यादीत हा सिनेमा तीन वर्षांपासून ‘जोडी नाही’ या रकान्यात पडून होता.

आपले नियम तुम्हाला पाठ आहेतच: पॉज दाबायचा नाही, दिवा लावायचा नाही, आणि सिनेमा चालू असताना कुणीही ओट्यापाशी उभं राहायचं नाही. सगळे बसूनच राहतील. या तिसऱ्या नियमानेच रामेनने माझा घाम काढला, कारण रामेन थांबत नाही. उकळत्या सुपात शेवया पडल्या की त्या सूप पीत राहतात, आणि पाच मिनिटांत लगदा.

पहिल्या प्रयत्नात बाजारातल्या हक्का नूडल्स घेतल्या. चायनीज भेळेत त्या चालतात, सुपात त्यांचा गिचका होतो. दुसऱ्यांदा स्पॅगेटी उकळताना पाण्यात खायचा सोडा घातला. ही युक्ती बरेच जण सांगतात आणि तिने चवीत खरंच फरक पडतो. पण पाणी उकळीला असताना मी चमचाभर सोडा एकदम टाकला, फेस सर्रकन वर आला, पातेल्याबाहेर सांडला आणि गॅस विझला. सोडा भांडं खाली उतरवून चिमटीचिमटीने घाला, एवढं माझ्या ओट्याकडून शिका. तिसऱ्यांदा अंडं घालून घरी शेवया केल्या. चव छान, पण दातांखाली तो चिवट, उसळणारा ताण नाही. तो ताण म्हणजेच रामेन.

तो येतो कान्सुईने. कान्सुई म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट यांचं मिश्रण, म्हणजे क्षार. क्षाराने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, आवळून धरलं जातं, आणि मैद्यातले मुळात रंगहीन असलेले काही घटक पिवळे होतात. रामेनचा पिवळेपणा बऱ्याचदा अंड्याचा नसतो, क्षाराचा असतो. कान्सुई मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं. पाकीट फुटलेलं, आत ओला गोळा, आणि परत घ्यायला नकार. इथून पुढे पावडर स्वरूपातलं काहीही मी ऑनलाइन मागवणार नाही.

मग मे महिना आला. सासूबाई उडदाचे पापड करायला बसल्या. मी लाट्या करून देत होते. त्यांनी आदल्या दिवशी पापडखार, म्हणजे पापडाच्या पिठात घालतात तो क्षार, पाण्यात उकळून ठेवला होता, त्याचं वरचं निवळ पाणी त्या पिठात घालत होत्या.

‘आई, खार नाही घातला तर काय होतं हो?’

‘अगं, पापड फुलत नाही. कडक राहतो. आणि पीठही हाताला वेगळं लागतं, बघ ना, ओढ कशी आहे याला.’

त्यांनी गोळा दोन्ही हातांनी ताणून दाखवला. तो तुटला नाही, हळूहळू मागे आला. मी लाट्या तशाच ठेवून उठले.

खात्री करायला हळदीची परीक्षा घेतली, ही तुम्हीही करून बघाच. पांढऱ्या बशीत हळदीचे तीन ठिपके. एकावर खायच्या सोड्याचं पाणी, दुसऱ्यावर भाजलेल्या सोड्याचं, तिसऱ्यावर पापडखाराचं. पहिला जेमतेम नारिंगी झाला. बाकीचे दोन तिथल्या तिथे कुंकवासारखे लाल. हळद क्षारात लाल होते, आणि जितका क्षार तीव्र तितकी लाली गडद. भाजलेला सोडा म्हणजे खायचा सोडा ओव्हनमध्ये १३० अंशांवर दीड तास ठेवून केलेला. त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट उरतं. माझा १०० ग्रॅमचा ६४ ग्रॅम झाला, म्हणजे जवळजवळ पूर्ण. हा हाताने हाताळू नका, कातडी चुरचुरते. चमचा वापरा.

पापडखार म्हणून जे विकलं जातं ते सगळीकडे सारखं नसतं, हे लक्षात ठेवा. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडच्या खड्यांत तळाला करडा गाळ बसतो. मी सासूबाईंच्याच पद्धतीने उकळून, रात्रभर निवळत ठेवून, वरचं पाणी घेते. नवीन बरणी आली की आधी हळद, मग थोड्या पिठावर प्रयोग, मगच पाहुणे.

प्रमाणावर मी महिनाभर घालवला. पहिल्यांदा मैद्याच्या अडीच टक्के खार घातला: रंग सोन्यासारखा, चव साबणासारखी. दीडवर आले तरी शेवटी जिभेवर काहीतरी रेंगाळत होतं. एक टक्क्यावर बसलं. चौघांसाठी ४०० ग्रॅम मैदा, ४ ग्रॅम खार, ४ ग्रॅम मीठ आणि खार-मिठासकट १५२ ग्रॅम पाणी. खाराचं वजन उकळण्याआधीचं, म्हणून गाळ जास्त निघाला तर थोडा वाढवा. एक दशांश ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका. चमच्याच्या मापाने चार ग्रॅमचे सहा कधी होतात कळत नाही.

पाणी इतकं कमी आहे की पीठ मळलं जात नाही, नुसता रवाळ चुरा होतो. घाबरून पाणी वाढवू नका. चुरा पिशवीत बांधून तासभर ठेवा, मग दाबून चपटा करा. मी आधी सोऱ्या वापरायला गेले, शेवच्या चकतीने. पीठ इतकं घट्ट की मुठीला जोर लावता लावता चकतीच वाकली, तीही आजेसासूबाईंच्या पितळी सोऱ्याची. ती मी तांबटाकडून सरळ करून आणली आहे आणि पुन्हा त्या सोऱ्याला या पिठाच्या वाटेला नेणार नाही. हाताने फिरवायचं पास्ता मशीनच हवं. घेताना वजन बघून घ्या. हलक्या मशीनचा क्लॅम्प दर दोन फेऱ्यांनी सुटतो आणि एक माणूस नुसता ते धरायला लागतो. कापलेल्या शेवयांवर मैदा नका भुरभुरवू, कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. मैदा सुपात जाऊन ते गढूळ करतो. आणि शेवया रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या, दुसऱ्या दिवशी त्या खरोखर वेगळ्या लागतात.

सुपाबद्दल फार लिहीत नाही, कारण ते पहिल्या फटक्यात आलं. आपला कोल्हापुरी अळणी रस्सा ज्याला येतो त्याला अर्धं रामेन येतं. चिकनवाल्याकडून दोन सांगाडे आणि माना-पंख, आलं, कांदा, चार तास मंद आच. जपानी सुपात कोम्बू हे समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी हा सुकवलेला मासा असतो. कोम्बूची रसदार चव त्यातल्या ग्लुटामेट या घटकाची, हे किकुनाए इकेदांनी १९०८मध्ये शोधलं, आणि कात्सुओबुशीतला तसाच चव देणारा इनोसिनेट हा घटक शिंतारो कोदामांनी १९१३मध्ये. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेने नाही, पटीने वाढते. मी कोम्बूच्या जागी दोन पिकलेले टोमॅटो घातले आणि सुक्या माशाच्या जागी मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोळंबी, धुऊन, तव्यावर वास जाईपर्यंत परतून. सासूबाई वाटीत घेऊन म्हणाल्या, ‘हे भातावर घे.’ त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

चौथ्या प्रयत्नात हे सगळं होतं. शेवया, सूप, सगळं पक्कं. आणि तरी फसलं, कारण मी आठ पन्नासला शेवया उकळून वाडग्यात घातल्या, सूप ओतलं, नऊला सिनेमा लावला, आणि म्हातारा माफी मागेपर्यंत शेवया फुगून वर आल्या होत्या. महिनाभर मोजून मापून केलेला तो ताण गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, अगदी खरं सांगते.

उत्तर पहाटे मिळालं, चहा थर्मासमध्ये ओतताना.

शनिवारी असं केलं. साडेआठला शेवया ९० सेकंद उकळल्या, थंड पाण्याखाली चोळून धुतल्या म्हणजे वरचा पिठूळपणा जातो, थेंबभर तिळाचं तेल लावून चार गोळे करून ठेवले. सूप एका मोठ्या थर्मासमध्ये, उकळतं पाणी दुसऱ्यात. दोन्ही थर्मास आधी गरम पाण्याने दहा मिनिटं तापवून घेतले, ही पायरी वगळू नका. टीपॉयवर चार जाड वाडगे, एक चहाची मोठी गाळणी, एक रिकामं पातेलं. म्हातारा पडद्यावर आला की गोळा गाळणीत घ्यायचा, पातेल्यावर धरून त्यावर गरम पाणी सोडायचं, दहापर्यंत मोजायचं, वाडग्यात टाकायचा, वरून सूप. पडद्याच्या उजेडात चार वाडगे मी तीन मिनिटांच्या आत लावले, आणि जागेवरून हलले नाही. मधला वाडगा हाताला लागला तेव्हा तो चटका देणारा गरम होता. शेवया पिवळ्या, मोकळ्या, आणि ओढल्या की मागे खेचणाऱ्या.

मुलगा नववीत आहे. आम्ही डुक्कर खात नाही, म्हणून वर सोया सॉसमध्ये मुरवलेलं अर्धं अंडं होतं. त्याने ते चॉपस्टिकने बाजूला सारलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘भेटू लवकरच.’ सासूबाईंनीही म्हटलं मग.

आवाजाबद्दल. इतकी वर्षं मी कुरकूर या निकषावर चकल्या, चिवडा, पापडी सगळं बाद करत आलेय, आणि सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात पांढऱ्या सुटातला माणूस थिएटरात कुरकुरीत खाणाऱ्याला दम भरतो तेव्हा मला तो आपल्यातलाच वाटतो. पण याच सिनेमात एक बाई मुलींना स्पॅगेटी आवाज न करता खायला शिकवत असते आणि शेजारच्या टेबलावरचा परदेशी माणूस जोरात सुर्र करून ओढतो. मग सगळ्या मुली ओढतात. तिथे आम्हीही ओढलं. या एका जोडीसाठी मी आवाजाचा नियम उठवला आहे, कायमचा.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येतेय. शेवटच्या दृश्यासाठी मी सूप वाडग्यात राखून ठेवायला सांगितलं होतं, आणि ते तोवर कोमट झालं होतं. वाडगा रिकामा झाला याच्या आनंदात हे कुणी बोललं नाही, पण मला जाणवलं. पुढच्या वेळी पहिल्या वाडग्यात सूप कमीच ओतायचं आणि उरलेलं थर्मासमध्येच ठेवून शेवटी प्रत्येकाला वाटीभर, नुसतं, उकळतं. म्हणजे थर्मास तीन. आणि मध्ये ते दृश्य आहे ना, बेघर माणूस रात्री हॉटेलच्या स्वयंपाकघरात चोरून शिरतो आणि पोरासाठी ऑम्लेट-भात करतो? तिथे काहीच देत नव्हते मी. केचपचा भात आधी करून डब्यात ठेवता येईल, पण मऊ ऑम्लेट थर्मासमध्ये राहत नाही. ते वर चिरलं की उलगडून भातावर पसरायला हवं, तीच तर त्या दृश्यातली मजा. टीपॉयवर इंडक्शनची शेगडी ठेवली तर ‘ओट्यापाशी उभं राहायचं नाही’ हा नियम मोडतो का? मी म्हणते नाही मोडत, कारण आपण बसलेलेच असतो. तुमचं मत हवंय.

बाकी जोड्यांचं पटकन. ‘जैत रे जैत’ला नाचणीची भाकरी आणि जंगली मध, हे मागच्या नोंदीत लिहिलं होतं. बदल एवढाच की मध आता भाकरीवर लावून देत नाही, वाटीत वेगळा देते, म्हणजे सिनेमातला नाग्या मधाच्या पोळ्याकडे चढतो तेव्हा बोट बुडवता येतं. ‘द लंचबॉक्स’चा डबा अजून अडलेला आहे: पोळ्यांना वाफेने पाणी सुटतं. पोळ्या जाळीवर पूर्ण गार करून कापडात बांधायच्या असं सासूबाई म्हणतात, तसं करून बघते. ‘गूपी गाइन बाघा बाइन’ पुढच्या महिन्यात घेणार होते, आकाशातून मिठाईच्या हंड्या उतरतात त्या दृश्यासाठी मातीच्या छोट्या हंड्याही आणून ठेवल्यात. पण ते मागे ढकलते. आधी ऑम्लेट.

खार अजून अर्धी बरणी आहे, आणि फ्रिजमध्ये दोघांपुरत्या शेवया उरल्यात. आज रात्री नवऱ्याला टीपॉयपाशी बसवून इंडक्शनवर सहा ऑम्लेटं करून बघणार आहे, दिवा बंद करून.